जिप्सीचं मागचं ‘कम्फर्ट किट’: शॅकल झकास, पाटे जपून, डिस्क नकोच

जिप्सीच्या मागच्या बाकड्यावर बसून वरंध घाट उतरलेल्या माणसाला ‘कम्फर्ट किट’ विकायला फार बोलावं लागत नाही. 1985 साली आलेली मारुतीची ही गाडी 2019 मध्ये बाजारातून गेली. मधल्या काळात इंजिन बदललं, कार्ब्युरेटर गेला, पण मागचा संसार तोच राहिला: अखंड एक्सल, त्याखाली पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), चाकात ड्रम ब्रेक. त्यामुळे जुनी जिप्सी घेतली की पहिला प्रश्न मागच्या बाजूचाच पडतो आणि दुकानदाराकडे उत्तर तयार असतं.

किटमध्ये साधारण या वस्तू असतात: दोन किंवा तीन पाट्यांचे पॅराबोलिक सेट, ग्रीस निपलवाले शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारे हलते दुवे) आणि पिना, पॉलियुरेथेनचे बुश, गॅसचे शॉकर, पाटे एक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट. ‘फुल किट’ म्हटलं की 30 एमएमचे व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) आणि मागच्या चाकांचं डिस्क कन्व्हर्जन, म्हणजे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक, हेही त्यात येतं. बनवणारे वेगवेगळे असले तरी माल बराचसा एकाच धाटणीचा असतो, म्हणून इथे एखाद्या दुकानाचं नाव न घेता एकेका वस्तूचा हिशेब मांडला आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. शॅकल आणि पिना डोळे मिटून घ्या. शॉकर मापं जुळली तर घ्या. पॅराबोलिक पाटे गाडी कशासाठी वापरता ते बघून घ्या. स्पेसर टाळा. डिस्क किटचे पैसे वाचवून त्यातल्या थोड्याशा पैशात मागच्या चाकाचं बेअरिंग, ऑइल सील आणि ब्रेक शू बदला. किटमध्ये नेमकं हेच काम नसतं आणि जुन्या जिप्सीला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

आधी टेप लावा

जिप्सी कडक आहे ती दोन कारणांनी. पहिलं कारण डिझाइनमधलं आहे. सॉफ्ट टॉप गाडी रिकामी असताना हजार किलोंच्या आसपास भरते आणि मागे माणसं-सामान भरलं की तेच पाटे अर्ध्या टनाला पुरावे लागतात. म्हणजे रिकाम्या गाडीला ते जड पडणारच. दुसरं कारण घर्षणाचं. गंजलेले पाटे एकमेकांना धरून बसतात, शॅकलची पिन बुशात जाम होते, आणि मग छोट्या खड्ड्यात पाटा वाकतच नाही. धक्का सरळ चॅसीत जातो. यातलं दुसरं कारण फुकटात किंवा थोडक्यात जातं, आणि बहुतेक गाड्यांत तेच मोठं असतं.

कुठलं कारण किती, ते टेप आणि दोन माणसांत कळतं. गाडी सपाटीवर उभी करा. मागचा बंपर जोर लावून खाली दाबा आणि हळूहळू सोडा. गाडी जिथे थांबेल तिथे चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या. आता बंपर वर उचला, हळूहळू सोडा, पुन्हा माप घ्या. ही दोन मापं जवळपास सारखी हवीत. 10-15 एमएमचा फरक पडला तर तो निव्वळ घर्षणाचा आहे, पाट्याच्या ताकदीचा त्यात काही दोष नाही. अशा गाडीला नवे पाटे लावून जुने जाम शॅकल तसेच ठेवले तर पैसे गेले आणि कडकपणा राहिला.

दुसरं माप तिरकेपणाचं. पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल वळशाच्या) बोल्टपासून एक्सलच्या नळीपर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. पाच एमएमपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी सेंटर बोल्ट (पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा) तुटलाय किंवा एक्सल सरकलाय. गाडी मागून पाहिली की खेकड्यासारखी तिरकी चालते ती हीच. याला किट नाही, सेंटर बोल्ट लागतो.

शॅकल आणि पिना

सगळ्या किटमधली ही सर्वात साधी वस्तू आणि सर्वात कामाची. मूळ शॅकलमध्ये रबरी बुश असतो. रबर चांगलं असेपर्यंत उत्तम, पण पाण्याचिखलात फिरणाऱ्या गाडीत रबर सुकतं, आतली पिन गंजते आणि शॅकल हलायचा थांबतो. जुनी पिन काढून हातात घेतली की कथा दिसते: एका बाजूला आरशासारखी घासलेली, नखाला खाच लागते, दुसऱ्या बाजूला तांबूस गंजाचा थर आणि त्यात वाळलेली माती. म्हणजे पिन वर्षानुवर्षं एकाच जागी रेटली गेली, फिरली कधीच नाही.

ग्रीस निपलवाली पिन घेताना दोन गोष्टी तपासा. निपलपासून निघणारं भोक पिनेच्या मधोमध, बुशाच्या आतच बाहेर पडतं का, ते तार घालून बघा. काही स्वस्त पिनांत भोक अर्धवट पाडलेलं असतं आणि ग्रीस गनचा दाब निपलमधूनच परत येतो. दुसरं म्हणजे बुशाच्या आत ग्रीस पसरायला खाच हवी. खाच नसेल तर ग्रीस एका ठिपक्यापुरतंच राहतं.

पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा जास्त टिकतात, पण ते कुईकुई करतात, विशेषतः धुळीत. बसवताना सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा. रबरी बुश ठेवणार असाल तर त्याला साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगून मऊ पडतं.

आणि हा मुद्दा गॅरेजमध्ये हमखास चुकतो: रबरी बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळून टाकतात. त्या स्थितीत रबर पकडलं गेलं की गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं. गाडी वाजवीपेक्षा उंच उभी राहते, कडक वाटते आणि लवकरच बुश फाटतो. बोल्ट हातानेच बसवा, चाकं जमिनीवर आणा, गाडी चार वेळा दाबून हलवा, मगच शेवटचा पाना फिरवा.

किटवाले कधी कधी ‘लिफ्ट शॅकल’ म्हणून लांब शॅकल देतात. शॅकल 50 एमएमने लांब केला की गाडी मागे 25 एमएमच उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक खाली गेलेलं असतं. पण त्या 25 एमएमच्या बदल्यात एक्सल फिरतो, डिफरन्शियलचं नाक वर होतं आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन बिघडतो. ठरावीक वेगाला सीटखाली घूंऽऽ अशी थरथर सुरू झाली तर ती इथून आलेली असते. मूळ लांबीचेच शॅकल घ्या.

हब: किटमध्ये नसलेलं काम

जिप्सीच्या मागच्या चाकाला वेगळा हब नाही. एक्सल शाफ्टच्या टोकाला थाळी आहे, तिच्यावर ड्रम आणि चाक बसतं, आणि सगळा भार शाफ्टवर दाबून बसवलेल्या एकाच बेअरिंगवर येतो. ते बेअरिंग जागेवर धरून ठेवते ती त्यामागे प्रेसने बसवलेली एक साधी कडी. ही रचना समजली नाही तर पुढची सगळी मॉडिफिकेशन अंधारात होतात.

खराबीची लक्षणं: 40 ते 60 च्या वेगात मागून घुमणारा आवाज, जो डाव्या वळणावर वाढला तर उजवं चाक संशयित, कारण वळताना भार तिकडे जातो. चाक जॅकवर उचला, एका हाताने फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर ठेवा. बेअरिंग खरखरत असेल तर कानाआधी तळहाताला कळतं. वरून-खालून चाक धरून हलवल्यावर टकटक आली तर आता घाई करा.

काम असं होतं. पुढच्या चाकांना दगड, एक्सल घोड्यांवर (जॅक स्टँडवर). चाक काढा. ड्रम अडकला असेल तर हातोड्याने ठोकू नका, ड्रमवर दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात 8 एमएमचे बोल्ट सारखे सारखे आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. डिफरन्शियलचं ऑइल काढा, दीड लिटरच्या आसपास निघेल. व्हील सिलिंडरची ब्रेक पाइप सोडून तोंड बंद करा, हँडब्रेक या ड्रमवर असेल तर केबलही. बॅक प्लेटचे चार नट काढले की स्लाइड हॅमरने शाफ्ट बॅक प्लेटसकट बाहेर खेचायचा. बॅक प्लेट थाळी आणि बेअरिंग यांच्यामध्ये अडकलेली असते, ती वेगळी निघत नाही.

आता कडी. ती पुलरने येत नाही. ग्राइंडरने तिला समोरासमोर दोन ठिकाणी घासत जायचं, कागदाएवढी पातळ होईपर्यंत, आणि शाफ्टला ग्राइंडरचं चाक लागायच्या आत थांबायचं. मग घासलेल्या जागी छिन्नी ठेवून एक फटका. ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, कडी फुटते आणि हाताने सरकते. गॅसची ज्योत लावून कडी सैल करणारे कारागीर आहेत. त्यांना शाफ्ट देऊ नका. तापवलेल्या जागी शाफ्टचं कठीणपण जातं आणि तिथेच पुढे तो मोडतो.

नवं बेअरिंग आणि नवी कडी दोन्ही प्रेसनेच बसवायची, बेअरिंगच्या आतल्या रिंगवर दाब देऊन. बाहेरच्या रिंगवर दाब दिला की गोळ्यांच्या खाचा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणायला लागतं. बेअरिंगची सीलबंद बाजू कुठल्या दिशेला होती, ते जुनं काढतानाच खुणेने लिहून ठेवा. जुनी कडी पुन्हा वापरायची नाही. किंवा ‘सैल वाटतेय, वेल्डिंगचा एक ठिपका देतो’ हे तर अजिबात नाही. कडी सरकली तर बेअरिंग सरकतं, आणि मग चालत्या गाडीतून चाक, ड्रम आणि शाफ्ट असे तिघे मिळून बाहेर पडतात.

ऑइल सील हाउसिंगमध्ये आत बसतं, त्याची स्प्रिंगवाली बाजू डिफरन्शियलकडे. ओठाला थोडं ग्रीस. शाफ्टवर जिथे सील फिरतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे आणि नवं सीलही गळणार. बॅक प्लेट आणि हाउसिंगच्या जोडावर सीलंट लावा, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पाणी आत. शेवटी ऑइल भरा, ब्रेकची हवा काढा.

सील वारंवार जात असेल तर सीलला दोष देण्याआधी एक्सलवरचा ब्रीदर (आतल्या हवेला वाट देणारं छोटं तोंड) बघा. चिखलाने तो बंद झाला की तापलेल्या ऑइलचा दाब सीलमधून वाट काढतो आणि ऑइल ब्रेक शूवर येतं. उलट, तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि कुठूनही पाणी ओढून घेते. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉडीपर्यंत वर नेणं हे जिप्सीवरचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणं मॉडिफिकेशन. ऑइल प्यायलेले शू मात्र पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. गरम झाले की ते पुन्हा ऑइल सोडतात.

स्पेसर

जिप्सीचं माप: 5 बोल्ट, 139.7 एमएमचं पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास), स्टडचे आटे 12 × 1.25, मधलं भोक 108 एमएमच्या जवळपास. हे पीसीडी बऱ्याच जीपांना जुळतं, म्हणून ‘सगळ्या गाड्यांचा’ म्हणून विकलेला स्पेसरही बसतो. मधलं भोक मोठं असेल तर मात्र चाकाचा भार थाळीच्या मधल्या कडेऐवजी फक्त स्टडवर येतो आणि नट सैल पडत राहतात.

1993 साली मारुतीनेच जिप्सी रुंद केली. ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, 90 एमएमने वाढला, मागचा 1220 वरून 1310 झाला. पण त्यासाठी कंपनीने एक्सलच लांब केला, बेअरिंग आणि चाक यांचं नातं तसंच ठेवलं. 30 एमएमचा स्पेसर लावला की चाक बेअरिंगपासून तेवढं दूर जातं, आणि वर सांगितलेल्या एकट्या बेअरिंगवर तेवढाच जास्त पीळ येतो. बाहेर आलेल्या रुंद टायरसोबत हे सगळं जोडलं की बेअरिंग किती दिवस टिकेल ते चिखलावर अवलंबून राहतं. 93 पूर्वीची अरुंद गाडी असेल आणि ती घाटात डोलते म्हणून रुंद करायचीच असेल, तर वाइडट्रॅकचे (93 नंतरच्या रुंद गाडीचे) पुढचे-मागचे एक्सल मिळवणं हा सरळ मार्ग. महाग पडतो, पण एकदाच पडतो.

तरी स्पेसर लावायचाच असेल तर नुसती चकती आणि लांब स्टड हा प्रकार घेऊ नका. थाळीवर स्वतंत्र नटांनी आवळला जाणारा आणि मधल्या कडेवर नेमका बसणारा घ्या, आणि शंभर किलोमीटरनंतर चाक काढून आतले नट पुन्हा तपासा. हे दुसरं पाऊल जवळपास कुणीच करत नाही.

डिस्क कन्व्हर्जन

इथे सर्वात जास्त पैसे जातात आणि सर्वात कमी मिळतं. ‘जिप्सीचे ब्रेक लागत नाहीत’ ही तक्रार खरी असते, पण कारण बहुतेकदा टायर असतं. मूळ 205/70 आर 15 टायरचा व्यास सुमारे 668 एमएम. त्याजागी 235/75 आर 15 चढवला की तो 733 च्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ 10 टक्के जास्त. ड्रम तोच, पाय तोच, पण चाकाचा तरफदांडा लांब झाला, तेवढा ब्रेक कमी वाटणार. वर शू ऑइल प्यायलेले आणि अ‍ॅडजस्टमेंट कित्येक महिन्यांत न केलेली. या तीन गोष्टी सुधारल्या की मागच्या ड्रमबद्दल फारशी तक्रार उरत नाही.

डिस्क किटचे त्रास मात्र नवे. पहिला, शाफ्टची ढिलाई. या एक्सलमध्ये शाफ्टला थोडी आतबाहेर चाल असते. ड्रमला ती चालते. डिस्क मात्र तेवढ्या हालचालीत पॅडला मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी पेडल दाबलं की पहिला दाब हवेत गेल्यासारखा खाली जातो. दुसरा, कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) व्हील सिलिंडरपेक्षा जास्त तेल लागतं, म्हणून पेडल लांब होतं. तिसरा, ड्रमसाठी बनलेल्या ब्रेक यंत्रणेत मागच्या लाइनवर थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असेल तर पॅड कायम घासत राहतात आणि घाटात डिस्क तापून वास मारते.

चौथा सगळ्यात वाईट. जिप्सीची शेपूट हलकी आहे. ब्रेक मारला की भार पुढे जातो आणि मागची चाकं आणखी हलकी होतात. मागे जोरदार डिस्क, पुढे-मागे दाब वाटून देणारा व्हॉल्व न बदललेला आणि जुलैतला आंबोलीचा ओला रस्ता, म्हणजे मागची चाकं आधी लॉक होणार आणि गाडी पुढचं तोंड मागे करणार. पाचवा, हँडब्रेक. बरेच किट हँडब्रेक नसलेला कॅलिपर देतात आणि ‘गिअरमध्ये ठेवा की’ असा सल्लाही देतात. फिटनेसला गाडी नेल्यावर हा सल्ला उपयोगी पडत नाही.

पाटे

पॅराबोलिक पाटा म्हणजे मधे जाड आणि टोकाकडे ठरावीक रीतीने पातळ होत गेलेला. असे दोन-तीन पाटे, मधे फट, फक्त मध्याला आणि टोकांना टेकलेले. घर्षण जवळजवळ जातं, वजन कमी होतं, एक्सल तिरका होण्याची मुभा वाढते. चांगला सेट बसवलेली गाडी छोटे खड्डे खरोखर पिऊन टाकते, यात वाद नाही.

पण घर्षण गेलं की गाडी डोलायला लागते, कारण जुन्या जिप्सीत अर्धं डॅम्पिंग ते घर्षणच करत होतं. पॅराबोलिक पाटे आणि जुने थकलेले शॉकर ही जोडी जुन्या पाट्यांपेक्षा वाईट. म्हणून दोन्ही एकदम घ्या, नाहीतर दोन्ही राहू द्या.

दुसरी गोष्ट भाराची. ताडोबा-पेंचच्या सफारी जिप्सींत मागे उंच बाकं बसवून सहा पर्यटक बसतात, म्हणजे चारशे किलोंच्या वर भार, तोही उंचावर. अशा गाडीला दोन पाट्यांचा मऊ सेट लावला तर ती बंप स्टॉपरवरच (एक्सल चॅसीवर आदळू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्यांवर) चालेल. आणि दोनातला एक तुटला तर साथ द्यायला दुसरं कुणी नाही. सफारीच्या गाडीला मूळचे पाटेच बरे, स्वच्छ केलेले आणि ग्रीस निपलच्या शॅकलवर. एकटा-दुकटा माणूस घेऊन आठवड्याला दोनदा लोणावळा करणारी गाडी असेल तर पॅराबोलिक शोभतात.

विकणाऱ्याला पाट्याची जाडी विचारा आणि मोजमापाच्या कॅलिपरने मोजा. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 10 टक्के जाड पाटा 33 टक्के जास्त कडक होतो. ‘हेवी ड्यूटी’ म्हणून दिलेला सेट एखाद्या एमएमच्या फरकाने मूळ पाट्यांपेक्षा कडक निघतो, आणि मग कम्फर्ट नावापुरतं.

जुनेच पाटे ठेवणार असाल तर सेट सोडवा, एकेक पाटा तारेच्या ब्रशने साफ करा, ग्रॅफाइट ग्रीस लावा. इंजिन ऑइल नको, धूळ चिकटून त्याची वाळूची पेस्ट होते. ‘एक पाटा काढून टाका, मऊ होईल’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला. काढायचाच तर खालचा छोटा. मेन पाट्यालगतचा दुसरा पाटा कधीही नाही. मेन पाट्याचा डोळा तोच सांभाळतो. आणि पाटा कमी केल्यावर लो रेंजमध्ये (जास्त ताकदीच्या हळू गिअरमध्ये) चढाला जोर लावला की उरलेले पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात, डिफरन्शियलचं नाक उसळतं, प्रोपेलर शाफ्टला झटका बसतो. पाटेवाल्याकडे बसलेले पाटे थंडच ठोकून कमान वाढवून घेणं स्वस्त आहे, पण पुन्हा तापवून, तेलात विझवून आणि मग टेम्पर करून (थोडं तापवून ठिसूळपणा काढून) घेतल्याशिवाय ती कमान टिकत नाही.

शॉकर, आणि बसवताना

शॉकरची कंपनी नंतर, लांबी आधी. पूर्ण दाबलेली आणि पूर्ण खेचलेली, दोन्ही. गाडी खाली दाबली जाताना बंप स्टॉपर शॉकरच्या आधी लागला पाहिजे. उलट झालं तर शॉकरच स्टॉपरचं काम करतो आणि सील उडतं. खात्री करायची तर पाटा न लावता एक्सल जॅकने वर नेऊन स्टॉपरला टेकवा आणि वरच्या-खालच्या माउंटिंगमधलं अंतर मोजा. शॉकरचं दाबलेलं माप त्यापेक्षा कमीच हवं.

यू-बोल्ट नवे लावा, जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीच्या भोकात पूर्ण बसलंय हे टॉर्च लावून बघा. अर्धं बसलेलं डोकं आवळताना कळत नाही, पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात तुटतं. चारही टोकं थोडी थोडी, आडवीतिडवी आवळायची, कंपनीच्या मॅन्युअलच्या टॉर्कवर. मागच्या एक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व असेल तर नव्या उंचीवर त्याची दांडी पुन्हा सेट करा. गाडी उचलली गेली की व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. ब्रेकचा रबरी होज एक्सल पूर्ण लोंबकळल्यावर ताणला जात नाही ना, तेही तेव्हाच.

पाटे एक्सलच्या वर चढवण्याचा जो मोठा उद्योग आहे, त्याने गाडी साधारण पाच इंच उचलली जाते आणि स्टिअरिंगपासून प्रोपेलर शाफ्टपर्यंत सगळंच बदलावं लागतं. तो कम्फर्टचा विषयच नाही. शिवाय कायद्याचं बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल आरटीओत अडतो. त्याच मापाचे पाटे, शॅकल, शॉकर, बेअरिंग हे दुरुस्तीत मोडतं. वाढवलेली उंची आणि बाहेर आलेली चाकं तपासणाऱ्याला लांबूनच दिसतात.

सगळं बसवल्यावर पहिले शंभर किलोमीटर गाडी जपून चालवा आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, सेट किंचित दबतो, आणि घट्ट वाटलेला नट चक्क पाव फेरा फिरतो. हजार किलोमीटरला पुन्हा एकदा, आणि तेव्हाच ग्रीस गन घेऊन शॅकलच्या निपलांना चार-चार दाब, पिनेच्या कडेने काळ्याऐवजी नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत.